काळबांडे काकांची दाढीची पिशवी

काळबांडे काका आपल्या दाराकडे येताना दिसले की आमच्या इमारतीतली माणसं चहाचं आधण ठेवतात, आणि प्रवासाला निघायचे दिवस असतील तर उघडी बॅग आधी पलंगाखाली सरकवतात. उघडी बॅग दिसली की काकांचा हात आवरत नाही. ते तिच्यासमोर मांडी घालून बसतात, वरची पहिली वस्तू उचलतात, उजेडाकडे धरून पाहतात आणि विचारतात, "हे काहून?" म्हणजे, हे कशाला?

विचारण्यात राग नसतो की टोमणा नसतो. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं असतं. म्हणूनच उत्तर देताना आपली फजिती होते.

काका आमच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये राहतात, त्यामुळे सगळ्यांत जास्त वेळा फजिती माझी झाली आहे. एका उन्हाळ्यात आम्ही दार्जिलिंगला निघालो होतो. दिवाणावर दोन सुटकेस उघड्या, खाली खाण्याची पिशवी, बाजूला औषधांचा डबा, असा माझा पसारा होता. काका पेपर मागायला आले आणि बसलेच. आधी त्यांनी केस वाळवायचं यंत्र उचललं. मी म्हटलं, काका, तिकडे थंडी असते, केस लवकर वाळत नाहीत. त्यांनी मान हलवली आणि ते बाजूला ठेवलं. मग इस्त्री निघाली. मी म्हटलं, कपड्यांना घड्या पडतात.

"तिथं तुह्या घड्या कोन पाहते वं अर्चना? सारे डोंगर पाहून राहतीन."

इस्त्रीखालून तवा निघाला. तव्याचं उत्तर माझ्याजवळही नव्हतं. तो मीच ठेवला होता, पण का ठेवला हे मलाही सांगता येईना. काकांनी तवा दोन्ही बाजूंनी पाहिला, परत जागेवर ठेवला आणि मला त्यांचा ठरलेला मंत्र दिला. "हे पाय, जिथं मानसं राहतात तिथं साबन भेटते, कंगवा भेटते, पोळी बी भेटते. आपन आपल्याले नेलं का झालं."

ते गेल्यावर मी सगळं परत भरलं, तव्यासकट. परत येताना नागपूर स्टेशनच्या पायऱ्यांवर मोठ्या सुटकेसचं चाक निखळलं. ती फरफटत आम्ही घरापर्यंत आणली तर जिन्यात काकाच उभे. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. त्यांनी मुकाट्यानं सुटकेसला खालून हात लावला, दुसऱ्या मजल्यापर्यंत नेऊन दिली, आणि दारात टेकवल्यावर मोठ्या आपुलकीनं तव्याची तब्येत विचारली.

इमारतीत एकदा नवं लग्न झालेलं जोडपं फिरायला निघालं होतं, तर त्यांच्या बॅगेतल्या दोन कंगव्यांपैकी एक काकांनी बाहेर काढला. म्हणाले, दोघांत एक पुरते, तेवढंच भांडायले कारन. त्या पोरीच्या सासूनं कपाळाला हात लावला. पोरगी मात्र खूश होती. आल्यावर ती काकांसाठी चहाची पुडी घेऊन आली.

आता हा अधिकार त्यांना कुठून मिळाला ते सांगते. काका शेतीच्या मोटारपंपांच्या कंपनीत विक्रीचं काम करायचे. सारी नोकरी फिरतीची. सावनेर, काटोल, उमरेड, भंडारा, पार गोंदियापर्यंत. आज या गावच्या लॉजवर, उद्या त्या गावच्या दुकानदाराच्या ओसरीत. महिन्यातले घरचे दिवस थोडे आणि दौऱ्याचे जास्त. आणि एवढी सगळी भटकंती त्यांनी एका खांद्यावरच्या झोळीत आणि एका दाढीच्या पिशवीत भागवली. झोळ्या फाटल्या, बदलल्या. दाढीची पिशवी तीच राहिली.

ही पिशवी म्हणजे विटेएवढी, रेक्झीनची, चेनवाली. नोकरी लागली तेव्हा त्यांनी ती सीताबर्डीच्या फुटपाथवर घेतली होती. मूळ रंग कोणता यावर त्यांच्या घरात दोन मतं आहेत. काका म्हणतात मरून, काकू म्हणतात काळा. सध्या तिचा रंग तपकिरीसारखा आहे. एका कोपऱ्यात गोंदियाच्या लॉजवरच्या उंदरानं तोंड घातलेलं आहे, ते भोक काका अभिमानानं दाखवतात. चेनची मूठ केव्हाच हरवली, तिथे सेफ्टीपिन आहे. आतलं अस्तर काकूंनी फाटलं तसं बदललं, त्यामुळे आत डोकावलं की या घरात कधीकाळी शिवल्या गेलेल्या झबल्याफ्रॉकांचे तुकडे दिसतात.

आतल्या मालाबद्दल काय सांगू? साबणाची अख्खी वडी नेणं काकांना उधळपट्टी वाटते. नवी वडी आणली की ते दोऱ्यानं तिचे चार तुकडे पाडतात आणि एक तुकडा फोटोच्या रिळाच्या जुन्या डबीत घालतात. दात घासायचा ब्रश पिशवीत मावत नाही म्हणून त्याची दांडी करवतीनं अर्धी कापलेली. कंगवाही अर्धाच. तेल होमिओपॅथीच्या बाटलीत. तुरटीचा खडा, दाढीचा ब्रश, रेझर, सुईदोरा, आणि दात दुखला तर असाव्यात म्हणून दोन लवंगा. बस. या सामानावर माणूस चंद्रावर जाऊन येऊ शकतो असं काकांचं म्हणणं आहे. फक्त तिथं पानी पाहिजे, एवढी एक अट ते घालतात.

इथवर सगळं गमतीचं होतं. कोणत्या घरात एखादा असा नग नसतो? पण काकांचं एक वागणं मात्र मला मुळीच पटत नव्हतं.

सुमन काकूंना गेल्या काही वर्षांपासून विसर पडतो. सुरुवात किल्ल्या आणि चष्म्यापासून झाली, मग मिठाच्या जागी साखर, मग माणसं. मला त्या कधी अर्चना म्हणतात, कधी शेजारची मास्तरीण, आणि कधी नुसतंच गोड हसून बसायला सांगतात. घरात दिवसभर मंदा नावाची बाई असते, ती स्वयंपाकपाणी आणि काकूंचं सगळं करते. अशा बायकोला घरी ठेवून हे गृहस्थ रोज सकाळी काखेत दाढीची पिशवी मारून बाहेर पडायचे आणि दिवेलागणीला उगवायचे. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली होती, कंपनीनं त्यांना हारतुरे देऊन निरोपही दिला होता, पण यांचा दौरा काही संपत नव्हता. गेटवर कोणीतरी विचारायचं, काका, आज कुठे? हे गंभीरपणे उत्तर द्यायचे, "आज सावनेर." आणि खरंच एसटीत बसून सावनेरला जायचे. तिथल्या एका ओळखीच्या दुकानात घडीभर टेकायचे आणि परत यायचे. फार ऊन असलं की मग गावातलंच सदर नाहीतर सीताबर्डी.

वर आणखी एक. ती पिशवी भरायच्या काकूच. मी शाळेला निघते त्या वेळी त्यांचं दार उघडंच असतं, त्यामुळे रोज दिसायचं. काकू जेवणाच्या टेबलाशी उभ्या असायच्या. आधी रेझर, मग ब्रश, मग साबणाची डबी आडवी, तिच्या पोटात तेलाची बाटली. चहात साखर घातली की नाही हे ज्यांना आठवत नाही, त्यांचे हात इथे एकदाही चुकायचे नाहीत. सेफ्टीपिन धरून चेन ओढायच्या आणि पिशवी काकांच्या हातात द्यायच्या. मला राग यायचा. बाई आजारी आहे, तिच्याकडून कसली कामं करून घेता? मी आमच्या ह्यांच्याजवळ चिडचिड करायची. हे म्हणायचे, तू आपली शाळा पाहा.

एकदा मलाही सीताबर्डीला जायचं होतं म्हणून मेट्रोत काकांबरोबर निघाले. स्टेशनवर सामान तपासायच्या यंत्रातून पिशवी गेली आणि तिथल्या जवानानं ती बाजूला काढली. रेझरचं पातं दिसलं असणार. त्यानं सेफ्टीपिन ओढून पिशवी उघडली आणि त्यातला एकेक नग बाहेर ठेवायला लागला. अर्धा ब्रश निघाला, अर्धा कंगवा निघाला. माझ्या मनात उकळ्या फुटत होत्या, कारण आयुष्यात पहिल्यांदा काकांची बॅग दुसरं कोणी तपासत होतं.

"अंकल, कहां जा रहे हो?" त्यानं विचारलं.

"सावनेर. बर्डी से बस पकडूंगा."

"वहां रुकोगे?"

"नहीं, शाम को वापस."

जवान गोंधळला. संध्याकाळी परत यायचं आहे तर दाढीचं सामान कशाला, असं त्यानं सरळच विचारलं. मी काकांकडे पाहिलं. दुसऱ्यांना तव्याचा जाब विचारणारा हा माणूस पिशवीकडे वळला. त्यांनी वस्तू एकेक करून परत आत ठेवल्या, नीट, काकू ठेवतात त्याच क्रमानं. पातं तेवढं जवानाकडे ठेवून दिलं. गाडीत ते खिडकीतून बाहेर पाहत बसले. मलाही मग चिडवावंसं वाटलं नाही.

या दिवाळीला त्यांची लेक वैशालीताई पुण्याहून आली. एकुलती एक. पन्नाशी गाठलेली, मोठ्या पदावर काम करणारी, बोलायला मोकळी. तिची सुटकेस एवढी मोठी की ती वर आणायला दोघं लागले. काकांनी दारातच तिला विचारलं, हे काहून? ती म्हणाली, बाबा, आता सुरू नका होऊ.

आल्या दिवसापासून तिचं लक्ष त्या पिशवीवर होतं. माझ्याजवळ म्हणाली, अगं, मंदासुद्धा असली पिशवी वापरणार नाही. आणि ह्या वयात रोज उठून कुठे जातात ते? आयुष्यभर फिरले, आता तरी आईजवळ बसावं की नाही? मला तिचं म्हणणं पटलं. माझ्याच मनातलं बोलत होती ती.

मग ती बर्डीला गेली आणि एक सुरेख बॅग घेऊन आली. निळी, जाळीचे कप्पे असलेली, ब्रशला वेगळी जागा, साबणाला वेगळी, वर आकडा, म्हणजे कुठेही टांगता येते. काका आंघोळीला गेलेले असताना तिनं सगळं सामान त्यात हलवलं. जुनी पिशवी कुठे गेली ते तिनं सांगितलं नाही. काका बाहेर आले, नवी बॅग पाहिली, आणि पिशवी टांगायच्या खुंटीकडे पाहिलं. तिथे काहीच नव्हतं. लेकीनं इतक्या हौसेनं आणलेली वस्तू, तिला काय म्हणणार? चांगली आहे, म्हणाले. आकडा उघडून पाहिला, मिटून पाहिला. आणि ती घेऊन दौऱ्यावर गेले.

संध्याकाळी मी फराळाचं ताट द्यायला त्यांच्याकडे गेले होते. वैशालीताई आणि मी बोलत बसलो होतो, तेवढ्यात बेल वाजली. बेल वाजली की दार काकूच उघडतात, त्यात त्या कोणाला हात लावू देत नाहीत. त्यांनी दार उघडलं. बाहेर काका, हातात निळी बॅग. काकूंनी बॅगेकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे, आणि डोक्यावरून पदर घेतला.

"हे अजून दौऱ्यावरून आले नाईत," त्या म्हणाल्या. "बसा तुम्ही. कंपनीतून आले का?"

काकांनी बॅग एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाले, "हो. कंपनीतूनच."

वैशालीताई हसत सुटली. मीही हसले. आम्हाला वाटलं, म्हातारा-म्हातारीची गंमत चालली आहे. काकूंनी कपाटातून पाहुण्यांची कपबशी काढली, मंदाला चहा करायला लावला आणि काकांसमोर अदबीनं ठेवला. काका खुर्चीच्या कडेवर बसले, पाहुण्यासारखे. चहा संपवला. "चहा मस्त झाला, वहिनी," म्हणाले. आमची हसून हसून पुरेवाट झाली.

काकू मात्र हसल्या नाहीत. त्या गॅलरीत जाऊन गेटकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा गॅलरीत. तिसऱ्या दिवशीही तसंच. दिवे लागले तरी आत येईनात. मंदा सांगत होती, जेवायला बसवलं तर म्हणतात, हे आले नाही, आल्यावर बसू. सकाळी नवी बॅग समोर ठेवली तर हातही लावत नाहीत. म्हणतात, दुसऱ्याचं सामान आहे, आपण नाही उघडू. वैशालीताईला वाटलं, सणाची दगदग झाली, पाहुणेरावळे झाले, त्यानं आईचं बिनसलं असेल. ती डॉक्टरशी फोनवर बोलली. काकांनी तर ते हसण्यावारीच नेलं. काही नाई, होते असं, म्हणाले.

त्यानंतरच्या सकाळी मी दूध घ्यायला खाली उतरले, तर काका कचऱ्याच्या डब्यांपाशी. सुक्या कचऱ्याचा निळा डबा त्यांनी आडवा केला होता आणि काठीनं आतलं चाळत होते. दिवाळीचे खोके, थर्माकोल, फटाक्यांची वेष्टनं सगळीकडे पसरली होती. मला पाहून काठी थांबली. मी विचारलं, काका, काय हरवलं?

"पिशवी," ते म्हणाले. "गाडी त घेऊन नाई गेली ना वं कचरा?"

मी म्हटलं, अहो काका, एका फाटक्या पिशवीसाठी तुम्ही इथे हात घालून राहिले? नवी चांगली आहे की. त्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि जिन्याच्या पायरीवर बसले. मीही दुधाची पिशवी घेऊन खालच्या पायरीवर बसले. मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत सांगते, कारण माझ्या शब्दांत ते मला जमणार नाही.

"ती मले ओळखत नाई वं. लोकाईले वाटते किल्ल्या इसरते, चष्मा इसरते. मी घरात बसलो ना, त मी कोन हे तिले समजत नाई. पदर घेऊन दुसऱ्या खोलीत जाते. म्हनते, हे घरी नाईत, तुम्ही मंग या. मी आपल्याच घरात असा चोरावानी बसलेला. मंग एक दिवस दवाई आनायले गेलो. घाईत दुसरं काही भेटलं नाई म्हनून ती पिशवीच घेतली, दाढीची. वापस आलो, बेल वाजवली, अन् तिनं दार उघडून पिशवी पाह्यली, मले पाह्यलं, अन् हासली. म्हने, आले का? लय दिवस लावले या बारीनं."

त्यांनी हात झटकले.

"तवापासून रोज जातो. जातो म्हनून येता येते."

इतके दिवस मी ज्या माणसाला बायकोला टाकून हिंडणारा समजत होते, तो दिवसातून एकदा तिला भेटता यावं म्हणून उन्हातान्हात एसटीचे धक्के खात होता. काहीतरी विचारायचं म्हणून मी विचारलं, मग सावनेरपर्यंत कशाला जायचं काका, खाली बागेत बसून आला असता तरी चाललं असतं.

"ती विचारते ना, कुठं गेलते म्हनून. तिच्याशी खोटं कसं बोलाव?"

आणि आता? आता गेले दोन-तीन दिवस काका घरातच बसलेले असतात आणि काकू गॅलरीत त्यांचीच वाट पाहत उभ्या असतात. जेवत नाहीत. काकांनी मागून जाऊन सांगून पाहिलं, सुमन, मी आलो ना. तर काकू दचकल्या आणि मंदाला हाक मारायला लागल्या.

मी म्हटलं, वैशालीताईला का नाही विचारत, पिशवी कुठे ठेवली म्हणून?

"विचारलं त कारन सांगा लागन," काका म्हणाले. "लेकीले कसं सांगाव, का तुही माय मले ओळखत नाई? फोनवर तिले सारं बेस आहे असंच सांगतो मी. चार दिवसांसाठी आली बिचारी, हासत जाऊ दे."

कोणाला सांगणार नाही, असं मी काकांना कबूल केलं नाही. ते डबा उभा करून कचरा भरायला लागले आणि मी वर गेले. वैशालीताई स्वयंपाकघरात एकटीच होती. मी दार लोटून घेतलं आणि तिला सगळं सांगून टाकलं. ती ओट्याला टेकून ऐकत राहिली. मग आतल्या खोलीत गेली, तिची ती अवाढव्य सुटकेस पलंगावर घेतली, साड्यांच्या घड्या बाजूला केल्या, आणि अगदी तळाशी एका ओढणीत गुंडाळलेली पिशवी बाहेर काढली.

"टाकायला हात धजला नाही गं," ती म्हणाली. "पुण्याला नेणार होते माझ्याजवळ ठेवायला. लहानपणी सकाळी उठले की मी आधी खुंटीकडे पाहायची. ही टांगलेली असली की बाबा आले. त्यांना दारातून येताना मी कधी पाहिलंच नाही. मी झोपून गेलेली असायची."

मग ती रडली. मी तिला रडू दिलं. रडून झाल्यावर तिनं तोंड धुतलं आणि निळ्या बॅगेतलं सामान जुन्या पिशवीजवळ आणून टेबलावर मांडलं.

काका वर आले तेव्हा पिशवी टेबलावर होती. वैशालीताई फक्त म्हणाली, बाबा, आज दौऱ्यावर जायचं नाही का? काकूंना आम्ही गॅलरीतून आत आणलं. त्यांनी टेबलाकडे पाहिलं, पदर खोचला आणि आधी रेझर उचललं. मग ब्रश. मग साबणाची डबी आडवी. वैशालीताई त्यांच्या हातांकडे पाहत होती. मी आयुष्यात खूप सामान बांधलं आहे, पण इतकं जपून भरलेलं काही पाहिलेलं नाही. काकूंनी चेन ओढली, पिशवी काकांच्या हातात दिली आणि लवकर या म्हणाल्या. काका गेले. आज ते खरं म्हणजे नुसतं बर्डीपर्यंत गेले असते तरी कोणी काही म्हटलं नसतं, पण ते सावनेरलाच गेले.

संध्याकाळी वैशालीताईनं मला बोलावून घेतलं. तिला एकटीला धीर होत नव्हता. आम्ही दोघी टेबलाशी बसून राहिलो. काकू गॅलरीत. मंदानं देवापाशी दिवा लावला. बेल वाजली तशा काकू लगबगीनं आत आल्या, आमच्यासमोरून गेल्या आणि त्यांनी दार उघडलं.

बाहेर काका उभे होते. शर्टावर धूळ, चेहरा उन्हानं ओढलेला, काखेत पिशवी. काकूंनी पिशवी पाहिली, मग त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मी नजर दुसरीकडे वळवली. नवराबायकोचं असं भेटणं तिसऱ्यानं पाहू नये.

"आले का?" काकू म्हणाल्या. "किती वाट पाह्याव मानसानं. कुठं गेलते?"

"सावनेर."

"बरं. पाय धुऊन घ्या. अन् आवाज नका करू. वैशू तुमची वाट पाहून पाहून आताच झोपली."

वैशालीताई माझ्या शेजारी खुर्चीत बसली होती. काकूंपासून फार तर चार हातांवर. काकांनी तिच्याकडे पाहिलं. तिनं त्यांच्याकडे पाहिलं. मग ती हळूच उठली, खुर्चीचा आवाज होऊ न देता, आणि आतल्या खोलीत जाऊन पलंगावर आडवी झाली.

काकांनी चपला हातात घेऊन कडेला ठेवल्या. पिशवी खुंटीला लावली. पाय धुतले. काकू गरम पोळ्या करायच्या म्हणून मंदाला घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. काका आतल्या खोलीच्या दारात थोडा वेळ उभे राहिले आणि मग आत गेले.

मी निघायला हवं होतं, पण त्यांच्यामागे दारापर्यंत गेले. खोलीत दिवा नव्हता, बाहेरचा उजेड होता तेवढाच. वैशालीताई दाराकडे तोंड करून, डोळे मिटून पडली होती. काकांनी पायथ्याची चादर उलगडली आणि तिच्या अंगावर घातली, खांद्यापर्यंत ओढली. मग वाकून तिच्या केसांवरून हात फिरवला, अगदी हलका, पोर जागी होऊ नये इतका. ती हलली नाही. तिच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिनं ते पुसलं नाही.